घरघर काढायचं अवजार

(सेलू, जानेवारी १९९४. दत्तरावच्या कॉम्प्युटर क्लासची खोली. दारात जीप उभी आहे.)

दिनकरराव: ...आणि 'पाहिजे'च्या पुढचं सगळं काढून टाक.

दत्तराव: काका, मग वाक्य उलटं होतंय. अठ्ठ्याहत्तर साली तुम्ही पारावर म्हणालात, 'नामांतर झालंच पाहिजे म्हणणाऱ्याला गावात पाय ठेवू देऊ नका.'

दिनकरराव: भाषण माझंच आहे, मला पाठ आहे. तू 'पाहिजे'वर थांब.

धोंडीबा: मालक तवाच बोलले हुते की, झालंच पाहिजे. लोकांनी फुडचं ध्यानात ठिवलं, त्यात मालकाचा काय कसूर?

दिनकरराव: चौदा तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आता तालुक्यात जो उठतो तो म्हणायलाय, मी पहिल्यापासून बाजूनं होतो. नुसतंच तोंडानं. माझ्याकडं निदान पुरावा आहे.

दत्तराव: आहे म्हणजे, दुपारपर्यंत होईल.

दिनकरराव: चार वाजता सत्कार आहे, त्याआधी पाहिजे. लाउडस्पीकरवर आधी माझा सोळा वर्षांपूर्वीचा आवाज, मग आश्रुबाच्या हातून हार. आमच्या गावात त्या वेळी त्याचंच घर जळालं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या हातून हार पडला की विषय मिटला.

दत्तराव: आश्रुबा तयार झाला?

दिनकरराव: जीपमध्ये बसलाय हार घेऊन. त्याच्या नातवाला आपल्या शाळेत शिपायाची जागा आहे.

धोंडीबा: सेलूपस्तोर माज्याकडं पाठ करून बसला. सोळा वर्सं एक शबुद न्हाई. अजून त्याला वाटतंय, काडी म्याच लावली.

दत्तराव: तुम्ही नव्हती लावली?

धोंडीबा: आरं, त्या दिशी म्या हितं सेलूत, मोंढ्यात खताची पोती उतरवायलो हुतो. कुणी नाव घेतलं देव जाणे. आठ म्हैने जेलात काढले. मालकांनी वकील दिला, लय धावपळ केली. पर नशीब.

दिनकरराव: जाऊ दे ते. दत्तू, हा प्रोग्राम तूच लिहिला म्हणतोस. मुंबईचा का नाही घेतला?

दत्तराव: मुंबईचं सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चालत नाही. हा मी दोन वर्षं बसून लिहिला. ट्रॅक्टरसारखा आहे. मूळ प्रोग्राम नुसता ओढतो, मागं हूक ठेवलाय. नांगर लागला नांगर जोडा, ट्रॉली लागली ट्रॉली जोडा. नवं काम निघालं की तेवढंच अवजार लिहायचं, ट्रॅक्टर उघडायची गरज नाही.

दिनकरराव: बापानं मेंढरं राखली, पोरगा आवाज राखायलाय. बरं, टाळ्यांचं अवजार आहे का?

दत्तराव: काल लिहिलं. ऐका.

धोंडीबा: ह्या टाळ्यांत शिट्ट्या बी हायती.

दत्तराव: जत्रेतल्या कुस्तीच्या कॅसेटवरनं घेतल्यात. दुसऱ्या कुठल्या टाळ्या एवढ्या मनापासून नव्हत्या.

दिनकरराव: मधेच कोण ओरडायलाय?

दत्तराव: 'माती लागली, माती लागली' म्हणायलाय. पैलवान पडला होता.

दिनकरराव: त्याला काढ. आणि आवाज घुमला पाहिजे, मोठ्या मैदानात बोलल्यासारखा.

दत्तराव: घुमवायचं अवजार आहे. पण पारासमोर शंभर माणसं होती. जास्त घुमवलं तर विहिरीत पडून बोलल्यासारखं वाटेल.

धोंडीबा: मालक हिरीतून बोलले तरी लोक ऐकत्याल.

दिनकरराव: धोंडीबा, तू बाहेर बस.

धोंडीबा: बाहीर आश्रुबा हाय, मालक.

दिनकरराव: मग इथं गप बस. दत्तू, ही मागची घरघर कशाची?

दत्तराव: जनरेटर. अगदी माइकजवळ ठेवला होता.

दिनकरराव: लाइट गेली होती. घरघर काढ. पुरावा कसा स्वच्छ पाहिजे.

दत्तराव: त्याचं अवजार लिहिलंय, पण वापरलं नाही अजून. त्याला आधी नुसती घरघर ऐकवावी लागते. हे काढायचं, असं दाखवलं की मग सगळीकडची काढतं. भाषणाच्या आधी टेपवर दोन मिनिटं नुसता जनरेटर आहे, ती दाखवतो. चहा सांगू का? वेळ लागेल, मशीन जुनं आहे.

दिनकरराव: चहा नको. हे नीट झालं तर तुझा प्रोग्राम आपल्या संस्थेच्या सगळ्या शाळांत लावू. ही खोलीही तुझ्याकडंच राहील. नाही झालं तर गोडाऊनला लोक मागायलेतच.

दत्तराव: ध्यानात आहे, काका.

धोंडीबा: ही कॅसेट मालकांनी टरंकात ठिवली हुती, डांबरगोळ्या घालून. दर दिवाळीला म्या उन्हात काढायचो.

दत्तराव: झालं. पहिल्यापासून लावतो.

टेप: ...पोरं मळ्यावरच ठेवा, तात्याराव. चार दिवस गावात दिसू देऊ नका. आश्रुबाच्या घराचं पोलिसांनी विचारलं तर धोंडीबाचं नाव सांगा.

टेप, दुसरा आवाज: धोंडीबा तर सेलूला गेलाय.

टेप: म्हणूनच. गावात नाही, म्हणजे काडी लावून पळाला म्हणता येईल. पुतण्याला आत घालू का मी? धोंडीबाला ना जमीन, ना भाऊबंद. वकील आपणच देऊ, म्हणजे उपकारही राहतील. हां, माइक बघा... हॅलो, हॅलो. बंधूंनो...

दिनकरराव: हे काय लावलंस?

दत्तराव: भाषणाच्या आधीचं. मला वाटलं, नुसता जनरेटर आहे. त्याच्याखाली बोलणं होतं.

दिनकरराव: घरघर परत घाल.

दत्तराव: काढायचं अवजार लिहिलंय. घालायचं नाही लिहिलं.

दिनकरराव: मग पुसून टाक. तुकडाच पुसून टाक. भाषण तेवढं ठेव.

धोंडीबा: पुन्यांदा लाव.

दिनकरराव: धोंडीबा, तो काळ तसा होता. रस्त्यावर जाळपोळ चालली होती. तात्याराव गेला, आता उकरून...

धोंडीबा: दत्तू, पुन्यांदा लाव म्हणलं.

दिनकरराव: आवाज तरी बारीक ठेव. आश्रुबा बाहेर आहे.

टेप: ...धोंडीबाला ना जमीन, ना भाऊबंद. वकील आपणच देऊ, म्हणजे उपकारही...

धोंडीबा: म्या ह्या कॅसेटला ऊन दावायचो.

दिनकरराव: तुझ्या पोराला ड्रायव्हर म्हणून कुणी घेतलं? पोरीच्या लग्नाला मांडव कुणी दिला?

धोंडीबा: तुमीच की, दिनकरराव. म्या लय पाया पडलो त्या येळी.

दिनकरराव: दत्तू, ऐकू आलं नाही का? पूस ते. टेपवरचंही आणि मशीनमधलंही.

दत्तराव: पुसता येतं, काका. एक बटण दाबायचंय. धोंडीबाकाका, दाबू का?

दिनकरराव: त्याला काय विचारतोस? खोली माझी आहे.

दत्तराव: खोली तुमचीच आहे. संध्याकाळी किल्ली देतो. मशीन सायकलवर बसतंय. दाबू का, धोंडीबाकाका?

धोंडीबा: नगं दाबू.

दिनकरराव: धोंडीबा, चार वाजता सत्कार आहे.

धोंडीबा: ती खिडकी उघडा जरा. आश्रुबा, हार गाडीतच ऱ्हाऊ दे. आत ये. माज्याशी बोलू नगंस, नुसतं ऐक.