झऱ्याच्या तोंडाशी

“गप्प आहे म्हणजे बरं आहे, असं धरून चालू नकोस,” असं सासूबाई बाळाबद्दल म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. काल बाळाला घेऊन दवाखान्यात बसले होते. शेजारी झऱ्याच्या पाण्याच्या तळ्यात मासे पाळणारे एक आजोबा. त्यांना लेकीने ओढून आणलेलं.

“मासे खाईनात, म्हणून तुम्ही आणखी खाणं टाकलंत?” लेक विचारत होती.

“उपाशी दिसले गं.”

“बाबा, थंड पाण्यातले जीव ते. पाणी तापलं की त्यांना श्वास पुरत नाही, खाल्ल्यावर तर आणखीच. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी गप्प उभे आहेत.”

“मग झऱ्याचं पाणी वाढवतो. चल घरी.”

“आणि तुम्ही का जेवत नाही?”

“मला काय धाड भरलीय? खिडकीशी बसलं की बरं वाटतं.”

“श्वास पुरतो का?”

आजोबा बाळाकडे बघून हसले.

या उकाड्यात तुमच्या घरी कुणी खिडकीशी गप्प बसलं असेल, तर जरा जवळ जाऊन विचारा.