हेकरूंची जागा

फिजीच्या राजधानीला, सुवाला जाणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे वासिती होती आणि तिला पोचवायला आलेली तिची नणंद लाइसानी.

“वहिनी, प्रवाळावर संशोधन करणाऱ्या त्या बाईला तू हेकरू मासे अंडी घालायला जमतात ती जागा दाखवलीस?”

“भलतीच दाखवली. खरी दाखवली असती, तर परक्यांच्या बोटी येऊन सगळं ओरबाडून गेल्या असत्या.”

“आता ती म्हणते, इथे मासे जमतच नाहीत. म्हणून बोटींच्या नव्या धक्क्यासाठी आपलं प्रवाळ फोडणार आहेत.”

“म्हणूनच तर सुवाला तिच्याकडे निघालेय. खरं सांगून टाकते.”

“आणि तिनंच ती जागा कुणाला विकली तर?”

“गप्प बसून तरी काय वाचणार आहे गं?”

“थांब, मीपण येते. तू बोल. मी तिच्या तोंडाकडे बघत बसते.”