अपघात : संच चौथा

आई : अहो सिस्टर, जरा हलक्या हातानं! पोरीचा हात आहे तो, ओलं धुणं नाही पिळायचं.

सिस्टर : काकू, अंगठी आत्ताच काढायला हवी. बोट बघा केवढं सुजलंय. तासाभरानं कापावी लागेल.

आई : अगंबाई! बोट?

सिस्टर : अंगठी हो. ताई, श्वास सोडा... निघाली. घ्या काकू.

आई : पर्समध्ये टाका. वरूनच टाका. माझा हात मोकळा नाही.

सिस्टर : मघापासून बघतेय, पर्स पोटाशी घट्ट धरून बसलात. इथे नाही कुणी पळवत. बरं, एक्स-रे आला. तळहाताची दोन हाडं मोडलीत, तिसऱ्याला तडा. डॉक्टर येऊन प्लास्टर घालतील, तोवर कागद भरते. वय चोवीस सांगितलंत. काम?

मुलगी : चित्रं काढते. कॉम्प्युटरवर.

आई : भिंतीला टांगता येत नाहीत असली चित्रं. तरी लोक विकत घेतात. कुठल्या कुठल्या देशातले.

मुलगी : क्रिप्टो आर्ट म्हणतात त्याला.

सिस्टर : आणि मोडला उजवाच. काय गं बाई.

मुलगी : मी डावखुरी आहे.

सिस्टर : नशीब म्हणायचं. कारण काय लिहू?

आई : पडली.

मुलगी : शटर पडलं.

सिस्टर : दोघींचं एक काहीतरी ठरवा. पडली, का पडलं?

आई : जिन्यात पडली, आणि मग ते शटर...

सिस्टर : जिन्यात पडलं की कोपर खरचटतं, मनगट मोडतं. हे वरून ठोकलंय. तीन गोल खुणा आहेत, नाण्याएवढ्या, तिसरी अर्धीच. आणि खाली मनगटावर कुणाची तरी बोटं उमटलीत. काकू, मी इथे अकरा वर्षं आहे. ‘पडली’ लिहिलं तर संध्याकाळच्या आत तुम्ही घरी. ‘मारलं’ लिहिलं तर मला पोलिसांना कळवावं लागतं, आणि मग बाहेर गाडीत जे बसलेत त्यांच्यासोबत तुम्हाला जावं लागत नाही.

आई : गाडीत कोण बसलंय, तुम्हाला काय ठाऊक?

सिस्टर : तीनदा आत येऊन विचारून गेले, ‘झालं का?’ कशी आहे, ते एकदाही नाही विचारलं.

(आईच्या पर्समधला फोन वाजतो.)

आई : हं... हो. हो, तसंच सांगितलं... नाही, लिहिलं नाही अजून... नाही हो, कशाला बोलेल ती... हो. आणते. दोघी येतो.

सिस्टर : बाबा?

मुलगी : हो.

सिस्टर : कशावरून झालं? माझा पेन बंद आहे बघा. नुसतं विचारतेय.

मुलगी : चित्रांवरून. ‘अपघात’ नाव आहे. तीन संच काढले आतापर्यंत. पहिला ‘वारा’. बाथरूमच्या दाराला पडलेलं भोक, कपाटाची काच, असली सात चित्रं. खाली ओळ : वाऱ्यानं दार आपटलं.

सिस्टर : आणि वारा बूट घालून आला होता.

मुलगी : आठ नंबरचे. दुसरा संच ‘पाय घसरला’. नऊ चित्रं. आईचा खांदा, आईचा डोळा, आईची मांडी.

आई : मांडी तेवढी नको म्हटलं होतं मी.

मुलगी : प्रत्येकाखाली तीच ओळ, आई शेजारणीला सांगायची ती. आई बाथरूममध्ये घसरली. आई फरशीवर घसरली. आई घसरली. तिसरा, ‘हातातून पडलं’. तो मागच्या महिन्यात आला.

सिस्टर : कुठे आला? दुकानात?

मुलगी : ब्लॉकचेनवर. म्हणजे एक वही समजा, पण तिच्या हजारो प्रती हजारो कॉम्प्युटरवर असतात. एकदा लिहिलं की खोडता येत नाही. मी तिन्ही संच तीन वेगळ्या चेनवर टाकले. एक उद्या बंद पडली तरी दोन राहतील.

आई : एवढी अक्कल आहे, पण वेळेला वापरायची नाही. ते म्हणाले पुसून टाक. म्हणायचं होतं ‘पुसते’! कोण बघायला जात होतं?

मुलगी : पुसता येत नाही आई. विकलेलं चित्र तर माझंही राहत नाही.

आई : खोटं बोलायचं होतंस!

मुलगी : तेवीस चित्रांखाली खोटंच तर लिहिलं मी. तुझंच.

सिस्टर : त्यांना कळलं कसं पण?

मुलगी : बाबांच्या कारखान्यातल्या फोरमननं मोबाइलवर दाखवलं. तोच एकदा आमचं ते दार दुरुस्त करायला आला होता. दारावर मी लहानपणी जिराफाचा स्टिकर चिकटवलेला, तो चित्रात तसाच आहे. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तुमच्याकडे वारा फार दिसतो हो.’ लोक हसले.

आई : हसायला नको होतं लोकांनी.

मुलगी : बाबा घरी आले ते हातोडी घेऊनच. आधी स्क्रीन फोडला. मग टॅब्लेट. त्याचा पेन पायाखाली घेतला आणि नुसते उभे राहिले त्याच्यावर, मोडेपर्यंत. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘पुसता येत नाही ना? मग काढणारा हातच पुसू.’ टेबलावर...

आई : पुरे.

मुलगी : पहिला घाव बसला तेव्हा दुखलंच नाही. नुसता आवाज आला. दुसऱ्याला कळलं की तो आवाज माझा होता.

आई : पुरे म्हटलं ना!

सिस्टर : बरं, बरं. प्लास्टरसाठी सही लागेल. डाव्यानं... अरे वा, वळणदार आहे. तुमच्या बाबांना माहीत नाही का, तुम्ही डावखुऱ्या आहात ते?

मुलगी : त्यांच्या हिशेबी मी सुधारले. पहिलीत होते तेव्हा फुटपट्टीनं सुधारवलं. त्यांच्यासमोर मी उजव्यानंच लिहिते, उजव्यानंच जेवते. चित्रं दार लावून काढते.

सिस्टर : म्हणून वाचलात. म्हटलं ना, नशीब. काकू, तुम्हीही इथे सही करा. साक्षीदार म्हणून.

आई : तीच करेल की माझी.

सिस्टर : साक्षीदाराची सही पेशंट कशी करेल? पर्स ठेवा खाली. ठेवा हो... काकू! हे काय?

आई : काही नाही. जुनं आहे.

सिस्टर : जुनं? नख काळं पडलंय, खालून अजून रक्त येतंय. अंगठा हलवा बघू. हलत नाही. कधी लागलं?

मुलगी : दारात अडकला तिचा अंगठा. घाईघाईत निघालो ना, गाडीचं दार...

आई : गप गं.

मुलगी : गाडीचंच दार, सिस्टर. मी बघितलं. तसंच लिहा.

आई : गप म्हटलं ना, राणी. किती अपघात लिहिशील माझे?

सिस्टर : काकू, हीसुद्धा गोलच खूण आहे.

आई : हो.

मुलगी : आई, नको. कुणी विचारलेलं नाही तुला.

आई : सिस्टरनी विचारलंय. तूच विचारलं नाहीस. सकाळपासून एका शब्दानं नाही. गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसलीस. सिस्टर, पेन उघडा.

सिस्टर : उघडला.

आई : ते मघाशी म्हणालात ना, नशीब. ते नशीब नव्हतं. सव्वीस वर्षं मी धरत आलेय. शिडी धर म्हणाले की शिडी. बॅटरी धर म्हणाले की बॅटरी. आज म्हणाले, ‘हिचा हात धर.’

सिस्टर : काकू...

आई : लिहा तुम्ही. वाटलं, एक मारतील आणि थांबतील. तिसऱ्याला माझा अंगठा मध्ये आला, तेव्हा थांबले. हातोडी त्यांची होती. हात मी धरला होता. डावा पाठीमागे ढकलला आणि उजवा मी दिला.