दोन पंप, एक नळी

घशाच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट पाहत म्हातारा पुस्तकात तोंड खुपसून बसला होता. कान मात्र शेजारच्या बाकाकडे होते. तिथली बाई अणुवीज केंद्रात इंजिनिअर होती, आणि नवरा तिला समजावत होता.

“उद्या मीटिंगला नाही बोललीस, तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“मग परवा आहे तशीच चाचणी उरकतील. अहो, संकटात अणुभट्टीला थंड पाणी देणारे दोन पंप...”

“माहितेय गं. एक बिघडला तर दुसरा.”

“ऐका तरी! भट्टी पाणी घेत नसेल, तेव्हा ते टाकीत परत सोडावं लागतं. नाहीतर पंप तेच पाणी घुसळत बसतो आणि तापून बिघडतो. आमच्याकडे दोघांत मिळून परतीची नळी एकच.”

“मग? आपण नाही एका छत्रीतून जात?”

“छत्री तुमच्या हातात असते. मी भिजते.”

“बरं, पुढे?”

“जोरदार पंप सगळी नळी अडवतो. दुसऱ्याचं पाणी हलतच नाही. बाहेरून मात्र दोन्ही छान चालू दिसतात. प्रत्येकाला वेगळी नळी हवी, एवढंच...”

“तुझा घसा बसलाय. तू आराम कर, तुमच्या साहेबांना मीच फोन करतो.”

तेवढ्यात नर्स बाहेर आली. “पेशंट कोण? काय होतंय?”

“हिचा आवाज गेलाय हो, सोमवारपासून...”

“तुम्ही बसा इथंच,” बाई बसक्या आवाजात म्हणाली आणि उठली. “माझं मी सांगते. आजचंही आणि उद्याचंही.”