पूजेबाहेरचा पाना

सन दोन हजार पंचवीस, आश्विनातली खंडेनवमी, बुधवार, पाऊस सरला हुता पण रानातला चिखल सरला नव्हता, आन् तुमी मला विचारता, घरात पाना नव्हता का… नव्हता? कुणी सांगितलं? तुमाला सांगतो, या सहादेवाच्या घरात पाने हायेत, पकडी हायेत, जॅक हाय, घण हाय, छन्नी हाय, तिसगावच्या बाजारात मांडली तर दुकान वाटंल. पण त्या दिशी सकाळी ती सगळी पाटावर बसली हुती. धुतलेली, पुसलेली, हळदकुंकू लावलेली. आन् खंडेनवमीला हत्यार पाटावर बसलं की दसऱ्याला उत्तरपूजा हुईपर्यंत त्याला हात लावायचा न्हाई. बापानं मला सांगितलं, मी पोराला सांगितलं. पाना हाय. पण आज तो देव हाय. यात न कळण्यासारखं काय हाय?

जया माझी सून. तिनं यंदा अर्धा एकर झेंडू लावला. मी म्हणालो, फुलं भाजून खाणार का? ती म्हणाली, "मामा, एक साल द्या." दिलं. पण शर्त घातली. फुलं विकून दाखव, तुकडा तुझा, मनाला यील ते लाव, मी बांधावर उभा सुदिक ऱ्हाणार न्हाई. न्हाई विकली, तर तिथं बाजरी, आन् पुन्हा विषय काढायचा न्हाई. मग पाऊस असा आला की लोकांचा झेंडू जाग्यावर सडला, आन् ही बाई चिखलात उभी ऱ्हाऊन चर काढतीय, पाणी वाटंला लावतीय… वाचवला की हो तिनं. नवमीच्या सकाळी पिकअप कॅरेटनं भरली, नगरच्या मार्केटला न्यायची म्हणून. आन् झेंडू म्हंजे काय माल असतो? दसऱ्याच्या सकाळी त्याला माणसं रांग लावत्यात. दुपारनंतर शेळी तोंड लावत न्हाई.

पोरानं, सुनीलनं, गाडी चालू केली, आन् मागचं डावं चाक बसलेलं.

गाडीची पूजा दसऱ्याला, म्हंजे गाडी मोकळी. स्टेपनी मोकळी. पाना तेवढा पाटावर.

"आबा, घेऊ का पाना? लगीच परत ठिवतो."

"न्हाई."

"वरनं दुसरं हळदकुंकू लावतो."

"देव हाय का दाढीचा साबण हाय, पुन्हा पुन्हा लावायला?"

आता तुमी म्हणाल, म्हातारा हट्टी हाय. हट्टी न्हाई. मागच्या खंडेनवमीला हीच जया शेळ्यांना गवत कापायला पाटावरचं खुरपं उचलाय गेली, तवा मी एवढा बोललो हुतो की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत हुती. मग आता सुनेला एक कायदा आन् मला दुसरा? सहादेव तसला माणूस न्हाई. आन् ती काय म्हणाली ठाऊक हाय? "मी कुठं पाना मागितला, मामा? मागणार बी न्हाई." बास. कॅरेटवर ओली फडकी टाकत ऱ्हायली. भांडली असती तर परवडलं असतं.

शर्त मी जिंकत हुतो की. पण अशी? पैलवान आखाड्यात यायच्या आधी एसटीतनं उतरताना पडला, तर त्याला कुस्ती जिंकली म्हणायचं का?

मग बिगर हत्याराचं हत्यार शोधणं आलं. सुनीलनं मोबाईल काढला. त्यात एक माणूस, पांढरा सदरा, नखात काळं न्हाई, डब्यातनं फुस्स करून फवारा मारतो आन् दोन बोटांनी नट काढतो. मी म्हणालो, तो नट आधीच काढून ठिवलेला हाय. सुनील म्हणाला, "आबा, पाच लाख लोकांनी बघितलाय." बघितला असंल. त्यातल्या किती जणांची गाडी हलली? मग टायरवाल्या हनुमंताला फोन लावला. तो म्हणतो, "बापू, मशिनीला हार घातलाय वो. उद्या उत्तरपूजा झाली की पहिलं तुमचं चाक. तवर नटावर रॉकेल सोडा, उनात ठिवा, ठोकत ऱ्हावा…" मी म्हणालो, कशानं ठोकू, तुझ्या डोक्यानं? समद्या गावाचं हेच. कुणी म्हणतो पकडीनं धरा, कुणी म्हणतो छन्नी लावा. दे की मग तुझी छन्नी. "व्हय, पण ती आज…" कळलं, ती आज देव हाय. सल्ला तेवढा कुणी पाटावर मांडत न्हाई. तो बाराही महिने मोकळा.

तवा आमची कारभारीण साळूबाई चुलीपासनं बोलली. "एक पाना पूजेत न्हाई की तुमचा."

"कुठला?"

"ज्याचं नाव रोज भाकरीसंगं घेता तो. आसारामकडं हाय."

आसाराम म्हंजे माझा बांधाला बांध असलेला शेजारी. मागं ट्रॉलीचं चाक काढायला म्हणून माझा व्हील पाना घिऊन गेला. मागितला की म्हणायचा, "देतो की बापू, पाना काय पळून जातोय?" पाना पळत न्हाई, हे खरं हाय, पाय त्याला न्हाईत, आणणाऱ्याला हायेत. एक दिशी मी सांगितलं, आता पाना दारात आणून दिल्याबिगर तुझं तोंड बघणार न्हाई. सहा वर्षं झाली. बघितलं न्हाई. लग्नात पंगतीला शेजारी आला तर मी कढीकडं बघून जेवलो.

गेलो. शब्द मोडायचा न्हाई म्हणून त्याच्या दाराकडं पाठ केली, आन् त्याच्या म्हशीला म्हणालो, "कुणाकडं कुणाची वस्तू असंल, आन् ती आज पूजेत नसंल, तर जरा लागत हुती."

आसाराम आतनं आला. तो बी म्हशीलाच म्हणतो, "सांग गं त्यांना, वस्तू हाय. पूजेत मांडली न्हाई."

"का न्हाई मांडली, विचार."

"परक्याची वस्तू आपल्या पाटावर कशी मांडायची? पाप लागतं."

"आन् परत न द्यायला पाप लागत न्हाई?"

तवर त्याची बायको लंकाबाई शेणाची पाटी घिऊन आली. म्हणाली, "म्हशीला दूध काढून घ्यायचं ठाऊक हाय, भावजी. तिला कशाला पंच करताय? तिकडं पोरीची फुलं कोमेजत्यात." मग आसाराम खोपटात गेला आन् पाना घिऊन आला. पण हातात देतोय व्हय? "नट सुटल्यावर बघू," म्हणाला, आन् माझ्या पुढं चालाय लागला. माझाच पाना. माझ्याच वस्तीवर. त्याच्या खांद्यावर. पण पाना दारात तर आला, म्हणून तोंड बघायची बंदी तेवढी उठवली.

सुनीलनं पाना लावला, वर उभा ऱ्हायला, उड्या मारल्या. नट ढिम्म. मी म्हणालो, उतर खाली. असा उड्या मारशील तर पाना निसटंल, नटाची कड मरंल, आन् कड मेलेला नट म्हंजे दात पडलेला कुत्रा, धरायचा कुठं? आधी रॉकेल, मग हलकं ठोकायचं, मग लांब दांडा, आन् झटका न द्येता वजन. हातोडी देव हुती, म्हणून वरवंटा आणला.

"माझा वरवंटा?" साळूबाई म्हणाली.

"पूजेत हाय?"

"न्हाई."

"मग बोलू नको."

दांडा म्हणून बोअरचा जुना लोखंडी पाइप घेतला. तर आसाराम म्हणतो, "बापू, पाइप हत्यारात येत न्हाई का?" मी विचारलं, पाइपातनं पाणी जातं का? "जातं." हत्यारातनं जातं का? "न्हाई." झालं तर मग.

पाइप पान्यावर चढवला. एका अंगाला मी, एका अंगाला तो, दोघांची तोंडं लाल. आसाराम म्हणाला, "हे नट आवळले कुणी? यमानं?"

सुनील माझ्याकडं बघाय लागला.

"मी आवळले," म्हणालो. "हाच पाइप लावून, वर उभा ऱ्हाऊन. मी आवळलेला नट वाटंत सुटत न्हाई."

"घरी बी सुटंना की, बापू."

तेवढ्यात कर्र झालं. पहिला सुटला. मग बाकीचे रडत रडत सुटले. जॅक देव हुता, म्हणून आसाखाली धोंडे लावले आन् चाकाखालची माती उकरायची ठरलं, तर खोरं बी देव. जया उठली. करवंटी घेतली आन् उकिडवी बसून उकराय लागली. मी दुसरी करवंटी घेतली. का घेतली, ते इचारू नका.

चाक बदललं, गाडी गेली. आसारामनं पाना पुसला, खांद्यावर टाकला, आन् चालाय लागला आपल्या घराकडं. सवय हो, दुसरं काय.  आन् नुकतंच काम करून घेतलेला माणूस कुठल्या तोंडानं पाना मागणार?

दसऱ्याला पहाटं गाडी परत आली. कॅरेट रिकामी. सुनीलनं भाव सांगाय तोंड उघडलं, मी हातानंच थांबवला. तुकडा तिचा. शब्द दिला हुता, म्हणून मी बांधावरनं खाली उतरलो. जयानं राखून ठिवलेल्या फुलांची माळ गाडीला बांधली. एक फूल करवंटीत बी ठिवलं. मी बघितलं न्हाई असं दाखवलं.

सांजच्याला आसाराम आला. आपट्याचं पान माझ्या हातात ठिवलं, "सोनं घ्या, बापू." मग कमरेमागनं पाना काढला. तेल लावलेला.

आता तुमीच सांगा, काय बोलायचं या माणसाला? त्यानं इमानानं वेळेवर पाना परत केला असता, तर मी तो नवमीला पाटावर बसवला असता, आन् सुनेची फुलं उकिरड्यावर गेली असती. आता पुढच्या साली तो बी देव.

पाना घेतला. खुंटीला लावला. फिटलं.