पुरुषांनी बाहेर थांबावे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सर्वांच्या सिस्टर, समोर बसलेल्या भगिनींनो आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या पुरुषांनो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. या की.

मी बेकरीवाला. भाषण हा काही माझा प्रांत नव्हे. पण सिस्टरांना निरोप द्यायचा आणि मी गप्प बसायचं, हे कसं जमावं?

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीवर पाटी होती, 'पुरुषांनी बाहेर थांबावे'. मी आज्ञाधारक माणूस. बायकोला दर महिन्याला आणायचो आणि पाटीखालच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. खरं सांगू? मला ते सोयीचंच होतं.

आठव्या महिन्यात एकदा सिस्टर बाहेर आल्या. माझ्या हाताला लागलेलं पीठ पाहून म्हणाल्या, "पीठ फुगलं हे कसं ओळखता?" मी म्हटलं, बोटानं दाबून.

"मग आत या."

बायकोच्या नडगीवर त्यांनी माझा अंगठा दाबून धरायला लावला. उचलला, तर खळगा तसाच. पिठात खळगा राहिला की मी खूश होतो; इथे ती अंगावरची सूज होती. आठवडाभर तिचं डोकं दुखत होतं, डोळ्यांसमोर काजवे चमकत होते, हे मला तिथे कळलं. एका घरात राहून. ती म्हणाली, "तुम्ही पहाटे कामाला जाता, उगाच कशाला सांगायचं?" माझी मान खाली गेली. रक्तदाब भलताच वाढला होता. तासाभरात मोठ्या इस्पितळात नेलं, म्हणून मायलेकी वाचल्या. ती लेक आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला सातवा चालू आहे.

त्याच आठवड्यात सिस्टरांनी पाटी उतरवली. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण परत लावली नाही.

आता कानावर आलंय, खोलीत गर्दी होते म्हणून त्या गेल्यावर पाटी पुन्हा लावायची आहे. अध्यक्ष महोदय, गर्दी होत असेल तर शेजारची सामानाची खोली रिकामी करा, बाक मी देतो. पाटी मात्र मिळणार नाही. ती माझ्या बेकरीत आहे. तिच्या पाठीवर माझ्या कामगारांच्या बायकांच्या तपासणीच्या तारखा लिहिल्या आहेत. त्या सकाळी तो नवरा मला भट्टीपाशी दिसता कामा नये. सध्या पहिलं नाव माझ्या जावयाचं आहे. मंगळवारी तो आत जाणार आहे.

सिस्टर, माझ्या घरात दोन माणसं तुमच्यामुळे आहेत. आभार कुठल्या शब्दांत मानू? सभागृहाने ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. पाटीबद्दल मात्र मी माफी मागत नाही.