दवाखाना कितव्या नंबरला?

...आणि वर लोक म्हणतात, टेलिफोनवाल्याला काय काम असतं, बसल्या जागी बोर्डाच्या भोकांत दोऱ्या तर खुपसायच्या! तुम्हाला सांगतो, आमच्या चांदभाईंच्या खुर्चीवर एक दिवस बसून दाखवा. बहात्तरचं साल, दुष्काळ पडलेला, तालुक्याच्या एक्स्चेंजात पन्नास नंबरांचा बोर्ड आणि तो सांभाळायला दिवसभर चांदभाई एकटे. आता नंबर म्हणजे कसा, एकदा दिला की राहावा की नाही जागेवर? पण दुष्काळी कामं आज या शिवारात, तर पंधरा दिवसांनी पुढच्या. तलावाचं काम संपलं की ओव्हरसियरचं हापिस उठलं, त्याच्यामागं धान्याची कोठी उठली, दवाखान्याचा तंबू उठला, आणि जिथं उतरतील तिथं जी तार रिकामी सापडेल तिच्यावर यंत्र टांगून मोकळे. झाला नंबर बदल. नगरहून आलेली छापील यादी मात्र दुष्काळाच्या आधीची... दवाखाना पाच गावं फिरला, पण यादीत त्याचा नंबर बाराच.

मग चांदभाईंनी काय करावं? बोर्डाशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहायला घेतलं. लाईनमन सायकलवरून उतरायच्या आत चांदभाई त्याला विचारायचे, "आज कोण हाललं?" हाललं की पुसायचं, नवं लिहायचं. सहा महिने एक जोडणी चुकली नाही, बरं का. आणि यादीत? बाराच.

तर एक दिवस आले तपासनीस साहेब. इस्त्रीचा सदरा, काखेत यादी. भिंत बघितली आणि कपाळाला आठ्या. "ही भिंत सरकारी आहे."

"कामंबी सरकारीच हायेत, साहेब. ती हालत्यात, मी लिवतो."

साहेबांनी ओलं फडकं मागवलं, स्वतःच्या हातानं भिंत पुसली आणि म्हणाले, "यादीप्रमाणं जोडायचं. यादी छापील आहे." छापील आहे म्हणे... लग्नपत्रिकाही छापीलच असते, म्हणून काय नवरा जन्मभर मांडवात बसतो का?

आणि त्याच दुपारी, साहेब चहा पीत बसलेले असताना, बोर्डावरची तेवीस नंबरची झडप पडली, म्हणजे तिकडून कुणीतरी फोन उचलला. तलावावरनं पुंजाराम मुकादम बोलत होता. "चांदभाई, माती ढासळली. बनुबाई दबली हुती. काढली, पन मांडी फाटलीया, रगत थांबंना. डाक्टरला जीप घिऊन धाडा."

भिंत पुसली तरी चांदभाईंना पाठ होतं, दवाखाना आता एकतीसला. दोरी निघाली तिकडं, तर वर साहेबांचा हात. "यादीत दवाखाना बारा."

"साहेब, बाराला आता कडब्याचा डेपो हाय."

"यादीत बारा."

बावीस वर्षांची नोकरी, घरात लग्नाच्या दोन मुली. पण कानाला पुंजाराम अजून लागलेला होता आणि त्याच्यामागं बाई कण्हत होती. चांदभाईंनी साहेबांचं मनगट धरलं, बाजूला ठेवलं आणि एकतीस जोडला. पलीकडून डॉक्टर बोलले, जीप निघाली असं स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा कुठं मान वळवून म्हणाले, "आता लावू का बारा? साहेबांना कडबा मागवायचाय?"

बनुबाई वाचली. दोन महिन्यांनी काठी टेकत एक्स्चेंजात आली, बोर्डाकडं बघत राहिली. "ह्या भोकातनं बोलावलं व्हय डाक्टरला?" म्हणाली, आणि मूठभर शेंगा ठेवून गेली.

तोवर नगरहून कागद आला होता. 'यादीबाह्य जोडणी का केली, खुलासा करावा.' चांदभाईंनी एका ओळीत खुलासा केला. 'यादीच्या नंबरावर डॉक्टर नव्हता.' त्याला साहेबांचं उत्तर म्हणजे बदली, थेट अकोले तालुक्यात, डोंगरात. पण भाई वाकले नाहीत. माफीचा अर्ज लिहा म्हणून चौघांनी सांगितलं, तर म्हणाले, "कशाची माफी? बाई जगली त्याची?"

ऐन आषाढात, भिजलेली ट्रंक घेऊन तिथं उतरले. सगळ्यात आधी तिथल्या ऑपरेटरला विचारलं, "हितं नंबर बदलत्यात का हो?"

"छ्या," तो म्हणाला, "नंबर अजिबात बदलत न्हाईत. पावसाळाभर तारच पडलेली असती."